कयाकिंगचे बूट : माप बोटीत बसून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांत कुंडलिका, म्हादई, दांडेलीची काळी नदी यांच्याबद्दल लिहून येते. अलीकडे राफ्टिंगच्या जोडीला व्हाइटवॉटर कयाकिंगचीही, म्हणजे फेसाळत्या पाण्यात छोट्या बंद बोटीतून वल्हवण्याचीही, माहिती असते, याचा आनंद आहे. हेल्मेट कसे असावे, लाइफ जॅकेटचे पट्टे कसे आवळावेत, यावर चार ओळी तरी असतात. पायांची मात्र ‘चांगली पकड असलेले बूट घालावेत’ एवढ्या एका वाक्यात बोळवण होते. राफ्टच्या काठावर बसणाऱ्याला कदाचित तेवढे पुरेल, पण कयाकमध्ये बसणाऱ्याला अजिबात पुरत नाही. म्हणून हे सविस्तर पत्र.

कयाकमध्ये माणूस कमरेपासून खाली बोटीच्या पोटात असतो. मांड्या थाय ब्रेसखाली, म्हणजे मांडी धरून ठेवणाऱ्या आतल्या आधाराखाली, कंबर सीटच्या दोन गाद्यांमध्ये आणि पावलांचे चवडे पुढच्या आधारावर टेकलेले. बोट कलती करणे, वळवणे, उलटल्यावर रोल मारून सरळ करणे, या सगळ्याचा जोर चवड्यातून निघतो आणि गुडघ्यावाटे बोटीला मिळतो. बूट सैल असला तर हा जोर बुटातच जिरतो. लांब किंवा जाड असला तर पाय आत नीट मावत नाही, अर्ध्या तासात मुंग्या येतात आणि तासाभरात पाऊल बधिर होते. आणि उलटलेल्या बोटीतून बाहेर पडायची वेळ आली तर तोच बूट आधाराच्या मागे अडकू शकतो. दुकानात उभे राहून पाहिलेले माप म्हणूनच अर्धे माप असते. उरलेले अर्धे बोटीत बसल्यावर कळते.

आधी पहिले अर्धे. माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभराच्या उभे राहण्याने पाय किंचित फुगलेले असतात. कोरा कागद जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवा, टाच भिंतीला चिकटवा, दोन्ही पायांवर सारखे वजन देऊन ताठ उभे राहा आणि दुसऱ्या कोणाला तरी सर्वांत पुढच्या बोटासमोर पेन्सिल उभी धरून खूण करायला सांगा. स्वतःच वाकून खूण केली की वजन सरकते आणि तीन-चार मिलिमीटर तिथेच चुकतात. सर्वांत पुढे अंगठाच असतो असेही नाही. पुष्कळांचे त्याच्या शेजारचे बोट लांब असते. दोन्ही पाय मोजा, जो मोठा निघेल तो धरा. चवड्याची सर्वांत रुंद जागाही मोजून ठेवा, पुढे उपयोगी पडते.

आता हे सेंटिमीटर नंबरात बसवायचे, आणि बहुतेक चुका इथेच होतात. आपण दुकानात जो सात, आठ, नऊ नंबर म्हणतो तो ब्रिटिश नंबर. त्यात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे साडेआठ मिलिमीटर. युरोपीय पद्धतीत एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर, सुमारे पावणेसात मिलिमीटर. दोन्हीकडे मोजतात तो पाय नव्हे, बूट ज्या साच्यावर ओढून बनवतात तो फर्मा, आणि फर्मा पायापेक्षा दीड-दोन सेंटिमीटर लांब असतो. त्या हिशेबाने पाय २५.५ सेंटिमीटर असेल तर ब्रिटिश ७, युरोपीय ४१ च्या आसपास. पाय २६.५ असेल तर ब्रिटिश ८, युरोपीय ४२. अमेरिकी पुरुषांचा नंबर साधारणपणे ब्रिटिशपेक्षा एकाने मोठा लिहिलेला असतो, बायकांचा सुमारे दोनाने. पाण्यातल्या खेळांचे बूट बहुतेक परदेशी कंपन्यांचे. संकेतस्थळावर नुसता ‘८’ दिसला म्हणून मागवला की हातात पडतो तो आपला ७. मग ‘हे बूट लहानच येतात’ अशी तक्रार होते. खोक्यावर किंवा बुटाच्या जिभेवर सेंटिमीटर किंवा मिलिमीटरचा आकडा छापलेला असेल तर तोच प्रमाण माना, नंबराकडे पाहूसुद्धा नका.

रुंदीचा प्रश्न आपल्याकडे वेगळा आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली. त्यातून भारतीय पाऊल युरोपीय पावलापेक्षा रुंद असते हे पुढे आले आणि आपल्या पायांसाठी वेगळी मापपद्धती सुचवली गेली. नदीवरचा रोजचा अनुभवही हेच सांगतो. लांबीला बरोबर बसणारा परदेशी बूट करंगळीच्या बाजूला दाबतो, मग माणूस एक नंबर मोठा घेतो, आणि आता टाच सैल पडते. असे असेल तर लांबी वाढवू नका. रुंद फर्म्याचा दुसरा बूट शोधा. जाळीदार, मऊ वरचा भाग असलेला बूट रुंद चवड्याला सामावून घेतो. कडक प्लास्टिकची पट्टी बाजूने फिरवलेला घेत नाही.

पाण्यातले बूट ढोबळमानाने दोन जातींचे. एक निओप्रीनची बूटी, म्हणजे जाड रबरी मोज्याला तळ चिकटवलेला. दुसरा नाडीचा किंवा पट्ट्याचा, पाणी निथळणारा बूट. दोघांचे माप एकाच नियमाने घेतले की घोटाळा होतो.

बूटी त्वचेसारखी बसली पाहिजे. घातल्यावर बोटांची टोके पुढे हलकेच टेकावीत, पण वाकू नयेत. टाचेमागे घडी पडता कामा नये. पावलाच्या वरच्या उंचवट्यावर निओप्रीन चिमटीत धरून पाहा. बोटाच्या पेराएवढी चिमूट सहज येत असेल तर बूटी मोठी आहे. कोरडी बूटी नेहमी घट्टच वाटते, भिजल्यावर ती जराशी सैलावते आणि वापराने निओप्रीन दबतही जाते. दुकानात ‘अगदी आरामशीर’ वाटलेली बूटी नदीत पाण्याने भरते. निओप्रीन ऊब धरते ते त्याच्यातल्या बारीक बुडबुड्यांमुळे आणि त्वचेलगत अडकलेल्या पाण्याच्या पातळ थरामुळे. आत मोकळी जागा असली तर प्रत्येक हालचालीला गार पाणी आत-बाहेर करते आणि ऊब संपते. शिवाय पोहायची वेळ आली तर पाण्याने भरलेली बूटी पायाला लोढणे होते, आणि टाच सुटली की तीही जाते. उलट फार घट्ट बूटी रक्तप्रवाह आवळते. पाय गार पडतो, पोटरीत गोळे येतात. मापाच्या बूटीत पायाची बोटे हलवता आली पाहिजेत. एवढी कसोटी पुरे.

नाडीच्या बुटात मात्र पुढे जागा लागते. बोट खांद्यावर घेऊन उतार उतरताना पायाची बोटे पुढे सरकतात आणि जागा नसली तर नखे काळीनिळी होतात. बुटातली आतली गादी बाहेर काढा, तिच्यावर टाच मागच्या कडेला लावून उभे राहा आणि पुढे किती उरते ते पाहा. आठ ते दहा मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या रुंदीएवढे उरले तर ठीक. हे पाहताच आहात तर गादी चिकटवलेली आहे का तेही बघा. सुटी गादी पाण्यात तरंगते, दुमडते आणि पावलाखाली गोळा होऊन बसते. ती काढून टाकली तर आतली उंची तीन-चार मिलिमीटरने वाढते आणि बूट सैल होतो, त्यामुळे काढायची असेल तर काढूनच माप घ्या.

मोज्यांचा हिशेब साधा आहे, पण क्वचितच कोणी करतो. तीन मिलिमीटर जाडीचा निओप्रीन मोजा पुढे तीन आणि मागे तीन, मिळून सहा मिलिमीटर खातो. ब्रिटिश नंबर साडेआठ मिलिमीटरचा. म्हणजे असा मोजा घालणार असाल तर जवळजवळ एक पूर्ण नंबर वाढवावा लागतो. अर्धा मिलिमीटरचा पातळ मोजा असेल तर काहीच वाढवू नका. ड्रायसूट, म्हणजे पाणी आत न येऊ देणारा सूट, वापरणाऱ्यांना सूटचाच कापडी मोजा, आत लोकरीचा मोजा आणि वर बूट अशी तीन थरांची सोय करावी लागते. तिथे एक नंबर आणि बोटांपुढे थोडी अधिक जागा धरा. ड्रायसूटच्या मोज्याखाली वाळूचा कण राहिला तर एका दिवसात भोक पडते, म्हणून अशा बुटाला वाळू आत येऊ न देणारी घट्ट कॉलर हवी.

किती जाड हवे हे नदी ठरवते. कोलाडला मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून कुंडलिकेत येते. ते बर्फाचे पाणी नव्हे. सह्याद्रीच्या आणि गोव्याच्या नद्यांवर दोन-तीन मिलिमीटरची बूटी किंवा नुसता निथळणारा बूट पुरतो. इथे पाच मिलिमीटरची बूटी घातली तर पाय उकडतात आणि दुपारपर्यंत कातडी पांढरी, मऊ पडून सोलवटते. ऋषिकेशला शिवपुरी-ब्यासी पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत उतरणार असाल तर गोष्ट वेगळी. तिथे पाच मिलिमीटर, किंवा तीनची बूटी आणि आत मोजा. पुण्या-मुंबईचे पुष्कळ जण इथे घेतलेले बूट तिकडे नेतात आणि मग मोजा घालायला जागाच नसते. दोन्हीकडे जाणार असाल तर हा विचार खरेदीच्या वेळीच करा.

तळाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. खोल खाचांचा ट्रेकिंगचा तळ चिखलात आणि गवतावर चांगला, ओल्या गुळगुळीत कातळावर वाईट, कारण दगडाला टेकणारे रबर फारच थोडे उरते. ओल्या दगडावर पकड येते ती मऊ रबराने आणि सपाट, उथळ बारीक चिरांच्या तळाने. नखाने दाबून पाहा. नखाचा ठसा क्षणभर उमटून भरून आला तर रबर मऊ आहे. नख नुसते घसरले तर तो तळ सह्याद्रीच्या काळ्या बसाल्टवर काचेसारखा वागेल. मऊ रबर लवकर झिजते, ही त्याची किंमत, आणि ती द्यावी. दाट शेवाळ असेल तिथे कोणताच तळ टिकत नाही. तिथे वल्ह्याचा आधार घेऊन, एका वेळी एकच पाऊल उचलून चालायचे. पावसाळ्यात नदीपर्यंतची वाट लाल चिखलाची असेल तर अगदी सपाट तळही घसरतो, म्हणून आपल्याकडे तीन-चार मिलिमीटर खोलीच्या खाचा हा मधला मार्ग आम्हाला योग्य वाटतो.

तळाची जाडीही पाहा. बाहेरून अंगठ्याने जोरात दाबल्यावर आत घातलेल्या हाताला तो दाब लागला तर टोकदार दगडावर पाऊल टाकवणार नाही. आणि दोन हातांनी पिळल्यावर बूट थोडाही वळला नाही तर तो बोटीत बसणार नाही. समुद्रकिनाऱ्यावर मिळणारे पातळ, मोज्यासारखे बूट बोटीत छान मावतात, पण नदी सोडून दोन किलोमीटर चालत परतावे लागले तर पाय सोलून निघतात. लहान बोटीत दुसरे काही मावतच नसेल तर ते घाला आणि चालण्याचे बूट सीटच्या मागे कॅराबिनरने (झडपेच्या धातूच्या कडीने) पक्के अडकवून न्या. मोकळे ठेवू नका. मोकळा बूट पुढे सरकून पायांत येतो.

आता बोटीत बसू. पायांचा आधार दोन प्रकारचा असतो. शिकण्याच्या बोटींत बहुधा दोन बाजूंना पट्टीवर सरकणारे फूटपेग असतात. पुष्कळ क्रीक बोटींत, म्हणजे अरुंद, तीव्र उताराच्या प्रवाहांसाठीच्या बोटींत, पूर्ण आडवी पाटी असते, तिला बल्कहेड म्हणतात आणि तिच्यावर फोम चिकटवलेला असतो. दोन्हीकडे बसण्याची रीत एकच. चवडे आधारावर, टाचा मध्यभागाकडे वळलेल्या, बोटे बाहेरच्या बाजूला, गुडघे थाय ब्रेसखाली. अडीच मीटरच्या आसपासच्या क्रीक बोटीला पुढे उंची असते, तिथे बहुतेक बूट मावतात. दोन मीटरहून आखूड प्लेबोटीत, म्हणजे लाटांवर कसरती करण्याच्या बोटीत, मात्र पाऊल उभे राहतच नाही, ते पुढे आणि बाहेर तिरके दाबून ठेवावे लागते. धावण्याचा बूट बाहेरून मोजला तर पायापेक्षा सुमारे तीन सेंटिमीटर लांब भरतो, बूटी जेमतेम एक सेंटिमीटर. प्लेबोटीत हे दोन सेंटिमीटर म्हणजे मावणे आणि न मावणे यांतला फरक आहे.

म्हणून बोट आधी अनवाणी बसून जुळवायची आणि मग बूट घालायचे, ही पद्धत चुकीची आहे. पंधरा मिलिमीटरचा तळ पायाखाली आला की पाय तेवढाच लांब झाला. फूटपेग किंवा बल्कहेड एक खाच पुढे न्यावा लागतो. न्यायला विसरलात तर गुडघे ब्रेसमध्ये रुततात आणि पाय बधिर होतो, दोष मात्र बोटीला मिळतो. फोम कापून जागा केलेली असेल तर तो कोणत्या बुटासाठी कापला आहे हे फोमवरच मार्करने लिहून ठेवा. एकच बोट चार जण वापरतात तेव्हा याचा फार उपयोग होतो.

बसल्यावर पाहायच्या जागा तीन. एक, टाचेचा मागचा-खालचा कोपरा. तिथे बोटीच्या तळाशी सतत घर्षण होते, आणि कॉलर खाली असलेल्या बुटात टाचेची साल निघते. दोन, घोट्याचे बाहेरचे हाड. पाय बाहेर वळलेला असल्याने ते प्लास्टिकला टेकते. घोटा झाकणारी बूटी इथे कामी येते, पण तिची चेन त्याच हाडावर येत असेल तर नको. चेनमध्ये वाळू गेली की ती अडकतेही. लहान बोटीसाठी बिनचेनची, ओढून घालायची बूटी बरी. तीन, फूटपेग आणि बोटीची भिंत यांच्यामधली फट. हातात टॉर्च घेऊन ती एकदा बघाच. फूटपेगचे पेडल, म्हणजे चवडा टेकण्याची पाटी, असते तळहातापेक्षाही लहान, त्याच्या मागे पट्टी, पट्टीला खाचा आणि स्क्रूची डोकी. नाडीचा मोकळा फास, सँडलच्या पट्ट्याचे उघडे टोक, बकल, यातले काहीही त्या फटीत जाऊन खाचेला अडकू शकते. बोट उलटी, डोके पाण्यात, आणि पाय मागे ओढल्यावर येत नाही. सँडलचा पट्टा अशा वेळी फाटत नाही, तो न फाटण्यासाठीच बनवलेला असतो. पट्ट्याच्या सँडलना कयाकमध्ये आमचा स्पष्ट नकार आहे तो यामुळे.

नाडीचा बूट असेल तर नाडी बांधून झाल्यावर उरलेले टोक कापा, जाळा म्हणजे दशा सुटणार नाहीत, आणि गाठ व दोन्ही फास खालच्या आडव्या नाड्यांखाली खोचा. वरून झाकणारी वेल्क्रोची पट्टी असेल तर उत्तम. हाताचे बोट आत घालून ओढले तर एकही फास वर येऊ नये.

मग कसोटी. गवतावर बोट ठेवा, स्प्रेस्कर्ट (बोटीत पाणी येऊ न देणारे कमरेभोवतीचे आवरण) न लावता बूट घालून बसा. हात कमरेमागे कॉकपिटच्या, म्हणजे बसण्याच्या भोकाच्या, काठावर टेका, गुडघे जवळ आणा आणि रेटा देऊन पाय एका दमात बाहेर काढा. टाच कुठे अडखळली? चवडा पेडलखाली गेला? पाच वेळा करा. नंतर स्प्रेस्कर्ट लावून, आणि मग प्रशिक्षक शेजारी उभा असताना स्थिर, कमरेएवढ्या पाण्यात बोट उलटी करून. स्प्रेस्कर्टचा पुढचा फास ओढून स्कर्ट सोडायचा, काठावर हात, पाय बाहेर. लागोपाठ तीन वेळा पाय निर्वेध सुटले तरच तो बूट त्या बोटीसाठी तुमचा. बोट बदलली तर कसोटी पुन्हा. पाणी निथळते का हेही इथेच कळते. काठावर येऊन दहा पावले चाला, त्यानंतरही बुटात डबक्यासारखा आवाज येत असेल तर निचऱ्याची भोके कमी आहेत किंवा चुकीच्या जागी आहेत.

बोटीबाहेर पडल्यावर बूट आणखी एका कारणाने महत्त्वाचा. वाहत्या पाण्यात गुडघ्याहून खोल जागी उभे राहू नये, हा नदीचा पहिला नियम. पाऊल दोन दगडांत शिरते, पाणी अंग पुढे ढकलते, माणूस तोंडावर पडतो आणि पाय तिथेच राहतो. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट झाला की जोर चौपट. ताशी पाच किलोमीटरच्या पाण्याचा पायांवरचा रेटा आठ किलोच्या घरात असतो, ताशी दहाला तो तीस किलोच्या वर जातो. त्यातून स्वतःहून उठता येत नाही. कुंडलिकेत हा धोका पाणी ओसरताना वाढतो, कारण वीजगृहातून पाणी कमी झाले की खोल वाटणारी जागा मांडीएवढी होते आणि उभे राहण्याचा मोह होतो. पाठीवर राहा, पाय पुढे, बुटांची टोके पाण्याबाहेर दिसली पाहिजेत. रुंद, बाहेर पसरलेल्या टाचेचा धावण्याचा बूट फटीत पाचरीसारखा बसतो. निमुळता, गुळगुळीत बाजूंचा बूट त्या मानाने सुटतो. ‘सैल बूट असला तर तो अडकेल आणि पाय निघेल’ असेही काही जण सांगतात. त्यावर विसंबू नका. पाण्याचा रेटा पायाला बुटासकट दगडात दाबतो, आणि एरवी प्रत्येक पोहण्यात तो सैल बूट हरवून तुम्ही काठावर अनवाणी उभे राहता.

ऑलिम्पिकमधले स्लॅलमचे खेळाडू अनवाणी किंवा पातळ मोज्यांवर दिसतात, मग आम्हाला बूट का, असा प्रश्न तरुण मुले विचारतात. त्यांच्या बोटी इतक्या चपट्या असतात की बूट मावत नाही. आणि ते बांधीव प्रवाहात, काठावर बचावपथक असताना वल्हवतात. आपल्या नद्यांच्या काठावर फुटक्या बाटल्या, तारा, बाभळीचे काटे आहेत. कोकणात पावसाळ्यात लेप्टोचे रुग्ण सापडतात आणि तो जंतू शिरतो कातडीवरच्या ओरखड्यांतून, भेगांतून. टाचेला भेग असेल तर त्या दिवशी बंद बूटच हवा, आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना नदीत उतरल्याचे आवर्जून सांगा.

सगळ्यांना महागडे बूट परवडणार नाहीत हे आम्ही जाणतो. पहिल्या दोन-चार दिवसांसाठी शाळेच्या पी.टी.चे साधे कॅनव्हासचे बूट चालतात. हलके, सपाट, बोटीत मावणारे, पाणी लवकर सोडणारे. तळ कडक असतो, म्हणून ओल्या कातळावर जपून. गमबूट कधीही नकोत, ते बादलीसारखे भरतात. रबरी क्लॉग आणि चपला पहिल्याच रॅपिडमध्ये (उसळत्या, फेसाळ प्रवाहात) वाहून जातात. कपाटात चार-पाच वर्षे पडलेले ट्रेकिंगचे बूट ‘नाहीतरी जुनेच आहेत’ म्हणून आणले जातात, तेही नकोत. त्यांच्या तळातला पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत आतल्या आत कुजतो आणि पाण्यात एका तासात तळ सोलून हातात येतो. अंगठ्याने तळाची कड दाबून पाहा, भुगा पडला तर तो बूट टाकून द्या.

मुलांना ‘वाढत्या अंगाचे’ बूट घेण्याची आपल्याकडे सवय आहे. शाळेच्या बुटांना ती शोभते, नदीवर नाही. दोन नंबर मोठा बूट मुलाच्या पायातून पहिल्या पोहण्यातच निघतो. मापाचा भाड्याने घ्या किंवा मोठ्या भावंडाचा वापरा.

वापरून झाल्यावर गोड्या पाण्याने धुवा, गाद्या काढून सावलीत वाळवा. उन्हात, किंवा बंद गाडीच्या डिकीत टाकलेल्या बुटाचा डिंक सुटतो आणि तळ टोकाकडून उघडू लागतो. उघडलेली कड फूटपेगला अडकते, म्हणून दर खेपेला तळाची पुढची कड बोटाने तपासा. ओले बूट रोज घातले तर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. सलग तीन-चार दिवस नदीवर असाल तर रात्री पाय पूर्ण कोरडे ठेवा.

शेवटी आमच्याच क्षेत्रातल्या लोकांना एक विनंती. हेल्मेटांचे लहान-मध्यम-मोठे असे नग प्रत्येक केंद्रावर असतात. तसेच ब्रिटिश ४ ते ११ नंबरांचे साधे बूट, प्रत्येकी दोन जोड, ठेवणे कोणालाही जड नाही. प्रत्येक वापरानंतर साबणाच्या पाण्यात बुडवून वाळवले की झाले. आणि नोंदणीच्या अर्जात वजन व उंची विचारतातच, त्याखाली ‘पायाची लांबी, सेंटिमीटरमध्ये’ असा एक रकाना वाढवावा. लोक नंबर चुकीचा सांगतात, कागदावर मोजलेले सेंटिमीटर सहसा चुकत नाहीत.

आपले विश्वासू,
नदीवर कयाकिंग शिकवणारे काही प्रशिक्षक
कोलाड, जि. रायगड